आकड्यावरची बस

ट्रॉलीबस म्हटलं की आमच्या मराठवाड्यात आधी ऊस आठवतो. सिडकोतल्या नेहमीच्या टपरीवर मी हा विषय काढला, तेव्हा चहावाल्याने गाळणी हातात धरूनच विचारलं, "सर, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतेत, तशी का?" त्याचं काय चुकलं? दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे भोंगे वाजले की रस्त्यावर ट्रॉलीचंच राज्य. मागे दिवा नाही, पुढच्याला वाट नाही, आणि ड्रायव्हरच्या कानाशी फुल आवाजात गाणी.

मी समजावून सांगितलं. बस ती बसच, रबरी चाकांची, रुळांशिवाय चालणारी. फक्त टपावर दोन लांब दांडे असतात. ते वर ताणलेल्या तारांना टेकलेले असतात आणि त्यांतून लाईट घेत बस पळते. शेजारच्या बाकड्यावर निवृत्त वायरमन काका बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "म्हंजे आकडा टाकलेली बस."

इतकी नेमकी व्याख्या मी विज्ञान शिकवलं त्या सगळ्या वर्षांत एकदाही केली नसती. आकडा काय असतो ते आपल्याकडे पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. लग्नाचा मांडव असो की विहिरीवरची मोटर, बांबूच्या टोकाला वायर, वायरीला बाक, आणि अंधार पडला की अलगद तारेवर. काकांनी नोकरीत किती आकडे काढले असतील आणि किती बघून न बघितल्यासारखे केले असतील, ते मी विचारलं नाही. मी एवढंच म्हणालो, "हा आकडा सरकारी. मीटर असलेला."

"पण दोन दांडे कामून? रेल्वेला तर एकच तार हाय की."

वायरमनचाच प्रश्न हा. आपल्या मनमाड-परभणीच्या मार्गावर आता विजेच्या तारा आल्यात, तिथे इंजिन एका तारेतून वीज घेतं आणि परतीची वाट लोखंडी रुळांतून मिळते. बसची चाकं रबराची, परत जायला वाटच नाही. म्हणून एक तार यायची आणि एक जायची. 'ट्रॉली' हे नावही त्या दांड्याच्या टोकाचं. पूर्वी तिथे तारेवरून फिरणारं छोटं चाक असायचं, आता बहुतेक ठिकाणी कार्बनचा तुकडा तारेवर घसरत जातो. ही गंमत काही आजची नाही. 1882 साली बर्लिनजवळ वेर्नर फॉन सीमेन्सने तारेवरून वीज घेणारी गाडी रस्त्यावर चालवून दाखवली होती.

मला ट्रॉलीबसचं वेड लावलं मामांनी. ते साठच्या दशकात मुंबईत माझगावला राहत. 1962 साली बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी ट्रॉलीबस सुरू केली. (लंडनने आपली शेवटची ट्रॉलीबस बंद केली तीही 1962 मध्येच. ते तारा उतरवत होते, आपण चढवत होतो.) मामा सुट्टीत गावी आले की ओसरीवर बसून सांगत. बस येते ते कळतच नाही, इंजिनाची धडधड नाही, धूर नाही, नुसता तारांचा सूं असा आवाज. मग वळणावर दांडा तारेवरून निसटतो आणि बस रुसल्यासारखी मधेच उभी. कंडक्टर उतरतो, मान वर करून दांडा पुन्हा तारेवर बसवतो, आणि आतली मंडळी खिडकीतून त्याला सूचना करतात. 1971 मध्ये ती बंद झाली. मामांना मुंबईतल्या पुष्कळ गोष्टी गेल्याचं दुःख होतं, पण यादीत ही पहिली.

आता बॅटरीच्या बसचा जमाना आहे, आणि डिझेलच्या काळ्या धुरापेक्षा ती शंभर पटींनी बरी, हे मान्य. तरी मला ती टँकरसारखी वाटते. रात्री डेपोत भरायचं, ते ओझं घेऊन दिवसभर गावभर हिंडायचं आणि संध्याकाळी तळ दिसायला लागला की परत फिरायचं. नुसत्या बॅटऱ्यांचं वजनच टनांत असतं. बसमध्ये माणूस असो नसो, ते वाहावंच लागतं. ट्रॉलीबस म्हणजे नळ. लागेल तेवढं, लागेल तेव्हा. टँकर आणि नळ यांतला फरक आम्हाला कुणी शिकवू नये. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही पाहिलंय.

चढ तर तिचा हातखंडा. विजेच्या मोटरला जागेवरून उठतानाच जोर असतो, डिझेलसारखं धापा टाकत गिअर बदलत बसावं लागत नाही. क्रिमियात सिम्फेरोपोलहून याल्टाला डोंगर ओलांडून 86 किलोमीटर ट्रॉलीबस जाते. आपलं वेरूळ संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटर, मधे दौलताबादचा किल्ला आणि खुलताबादचा घाट. उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या त्या घाटात कशा कण्हतात ते ऐकून घ्यावं. आणि उतरताना ट्रॉलीबस ब्रेक लावते तेव्हा मोटर उलट वीज तयार करून तारेत परत सोडते, ती चढणाऱ्या दुसऱ्या बसला मिळते.

"म्हंजे मीटर उलटं फिरतंय?" काकांचे डोळे चमकले. नोकरीत त्यांनी मीटर मागे नेण्याचे इतर प्रकार पाहिले होते, हा नवा होता.

पण मला खरी आवडते ती तारच. आमच्या कॉलनीपुढचा बसथांबा रस्तारुंदीत गेला. बोर्ड नाही, खांब नाही, फक्त सवयीने उभी राहणारी चार माणसं आहेत. नवा भाडेकरू विचारतो, बस इथंच थांबते का? आम्ही म्हणतो, थांबायची. डोक्यावर दोन तारा असत्या तर असं विचारावंच लागलं नसतं. तार ताणलीय म्हणजे बस या गल्लीतून जाणारच, तिला दुसरीकडे जायची सोयच नाही. यालाच लोक तिचा दोष म्हणतात.

दोष आहेतच. तारांचं जाळं डोळ्यांना खुपतं, खर्च आधी करावा लागतो. जयंतीच्या मिरवणुकीतला उंच देखावा आणि गणपतीचा मंडप या तारांखालून कसा न्यायचा, यावर बैठकांमागून बैठका होतील. संक्रांतीला मांजा. आणि तांब्याची तार, तीही शिडी लावली की हाताला येईल अशा उंचीवर. चहावाला म्हणाला, "पहिल्या रात्रीच जाईल." डीपीतलं तेल जिथे टिकत नाही, तिथे या भीतीला हसता येत नाही.

तेवढ्यात लाईट गेली. टपरीतला पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुमची बस कुठं हुबी ऱ्हायली?"

मी सांगितलं, आता त्यावर तोड निघालीय. प्रागने 1972 मध्ये ट्रॉलीबस मोडीत काढली होती, 2017 मध्ये पुन्हा आणली. चढणीच्या रस्त्यावर तेवढी तार लावली, बस तिथे चढता चढताच छोटी बॅटरी भरून घेते आणि पुढचा रस्ता तारेशिवाय जाते.

काकांनी थोडा विचार केला. "म्हंजे आकडा बी अन् इन्व्हर्टर बी," म्हणाले, आणि उठून कोपऱ्यावरच्या डीपीला काय झालंय ते बघायला गेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत त्यांना.