कडेवरचं नाव

पोवई नाक्याजवळचं आमचं दुकान मुळात फोटोफ्रेमचं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९७८ साली ते सुरू केलं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळांचे गटफोटो हे रोजचं काम. पण साताऱ्यात फ्रेमचं दुकान टाकलं की फौजी येणारच. पेन्शनीत निघालेला माणूस रुमालाची गाठ सोडून मेडलं काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "फोटोखाली बसवा, भिंतीला शोभलं पाहिजे." अण्णा लाल मखमलीखाली कापसाची गादी भरायचे, मेडल त्यात निम्मं रुतवून मागून घट्ट चिकटवायचे आणि वर काच मारायचे. दिसायला झकास. त्यात आपण काय झाकतोय हे आम्हाला वीस वर्षं कळलं नाही.

ते कळलं एका निवृत्त सुभेदारांमुळे. फ्रेमला आलेलं एक काळपट चांदीचं मेडल त्यांनी उचललं. पुढून पंचम जॉर्जचा मुखवटा, मागे घोड्यावरचा नागडा स्वार, १९१४ आणि १९१८ ही सालं. ते दोन्ही बाजू बघेनातच. भिंग मागितलं आणि मेडल उभं धरून कडेवरून नजर फिरवू लागले. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि '११७ मराठाज' असं ठोकलेलं होतं. "ही पलटण कूतला होती," ते म्हणाले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला तुर्कांपुढे शरण जावं लागलं. हे आमच्या जिल्ह्यातल्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी पडून होतं आणि आम्ही त्याला गोंद लावत होतो.

तिथून नाद लागला. रविवारी आणि बुधवारी पुण्याचा जुना बाजार, अधूनमधून मुंबईचा चोर बाजार. सुरुवातीला घेतलं ते बहुतेक भंगाराच्या भावात. मोठं दुःख सराफकट्ट्यावर. सुभेदारांनी उचललेलं ते मेडल म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल; त्यात औंसभर चांदी असते, त्यामुळे घरात अडचण आली की ते मोडीत निघायचं. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर असली मेडलं मुशीत गेली; आपल्याकडे त्यांची जोडवी आणि पैंजण झाले. हेच मेडल ब्रॉंझमध्येही असतं. ते खेचरवाल्यांना, मजुरांना, छावणीतल्या नोकरांना दिलेलं. ते वितळवण्यात फायदा नाही म्हणून लोकांनी पोरांना खेळायला दिलं. निघालीच मुळात कमी, त्यामुळे आज संग्राहक चांदीच्याआधी ते मागतो.

आमची ठेचही याच व्यवहारातली. २००३ मध्ये एका व्यापाऱ्याकडून बारा मेडलांचा लॉट उचलला, बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. सगळ्यांवर मराठा पलटणींची नावं. इतकं जुळलेलं पाहूनच शंका यायला हवी होती. घरी येऊन व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला. व्यास छत्तीस मिलिमीटर हवा, सात मेडलं पस्तीसलाच थबकली. मूळ नाव कानशीने घासून कड कमी केली होती आणि वर नवीन नाव ठोकलं होतं. मेडल अस्सल, माणूस खोटा. पैसे परत मिळाले नाहीत. ती सात मेडलं आजही खणात आहेत. नवीन पोरगा कामाला आला की आधी ती हातात देतो.

बिल्ल्यांचं खातं वेगळं. चपराशी हा शब्द ज्या चपरासवरून आला ती पितळी पाटी, खांद्यावरून तिरक्या आलेल्या पट्ट्यावरची, आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारली जाते आणि सगळ्यात जास्त नकलीही तिचीच निघते. जुन्या चपरासची मागची बाजू बघा. चामड्याने घासून ती गुळगुळीत होते, कड्या झिजतात, अक्षरं छिन्नीने कोरलेली असतात. ओतून काढलेल्या नव्या पाटीत अक्षरांचे काठ बोथट, साबणाच्या वडीसारखे. संस्थानी नाव दिसलं की लोक भाळतात. मी आधी उलटी करतो.

१९११ च्या दिल्ली दरबाराच्या मेडलची गंमत सांगायलाच हवी. मागे सगळा मजकूर फारसीत. वर्षातून एकदा तरी कुणी ते घेऊन येतं आणि दार ओढून घेत हळूच विचारतं, "मोगलांचं नाणं आहे, किती येतील?" त्यांना पुढच्या बाजूचे राजाराणी दाखवावे लागतात. त्या मेडलवर नाव नसतं, त्यामुळे भावही बेताचाच. चिंच-मिठाने घासून चकचकीत करून आणलं असेल तर त्याहून कमी. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे, हे सांगून सांगून घसा बसलाय.

मधली काही वर्षं परदेशातून चांगली मागणी होती. लेकाने ऑनलाइन फोटो टाकायला सुरुवात केल्यावर तर फारच. पण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू व्यापाऱ्याला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशात विकायची तर परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातल्या मेडलांची शंभरी भरली तशी आमची ती मिळकत आटली. परवाना काढला, धंदा इथल्या इथे ठेवला. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं, लेकाला नाही.

आता निम्मं काम अण्णांच्या फ्रेमा सोडवण्याचं आहे. मेडल आणि मखमलीच्या मधून मासेमारीचा दोरा करवतीसारखा ओढायचा, उरलेला गोंद ॲसिटोनच्या बोळ्याने काढायचा. नवीन फ्रेमला दोन्हीकडून काच आणि कडेभोवती बोटभर मोकळी जागा.

गेल्या दिवाळीनंतर कोरेगावकडच्या एक आजी नातवाबरोबर आल्या. आमचीच १९८६ ची फ्रेम, त्यात त्यांच्या मालकांची तीन मेडलं. दोन नीट निघाली. तिसरं एकाहत्तरच्या लढाईचं संग्राम मेडल. त्याच्या कडेवर नंबर दुसरा, नाव दुसरं. आजींनी नाव ऐकून मान हलवली. "हे कोण, ठाव न्हाय. मग आमच्या मालकांचं कुणाकडं गेलं?"

चूक कुणाची हे मला लगेच कळलं. अण्णा एका बैठकीत दोन-तीन फौजींचं काम काढायचे, मेडलं एकाच टेबलावर. त्या सालची वही काढली. त्या आठवड्यात आणखी एक नोंद होती: "फौजी, मोठी फ्रेम, लाल, बाकी ४० रु." नाव नाही, गाव नाही.

आजींच्या मालकांचा नंबर आणि नाव चिठ्ठीवर लिहून गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय. मोठी, लाल मखमलीची जुनी फ्रेम दुरुस्तीला आली की आधी दोरा हातात घेतो. आतापर्यंत अकरा उघडल्या.