शटर अर्धं वर

2022 चा मार्च एंड ज्यांनी बँकेत काढलाय त्यांना त्या तारखा अजून पाठ असतील. 26 ला चौथा शनिवार, 27 ला रविवार, 28 आणि 29 ला संप. म्हणजे वसुलीला उरले 30 आणि 31. पुढे 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँक ग्राहकांना बंद, 2 ला गुढीपाडवा, 3 ला पुन्हा रविवार. मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेची मॅनेजर होते. सहा जणांचा स्टाफ, आणि सहाही जण कशा ना कशासाठी माझ्या सहीची वाट बघणारे.

1 तारखेला शटर अर्धं वर करून आम्ही आत कामाला बसलो होतो. बाहेर पायरीवर एक शेतकरी येऊन बसला. शिपायाने दोनदा सांगितलं, आज बंद आहे. तो काही हलेना. शेवटी मीच शटरखालून वाकून बाहेर आले.

“मॅडम, नवं-जुनं करायला तीस तारखेला एक लाख चाळीस हजार भरलेत. पैसे कवा भेटतेन?”

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की 7 टक्क्यांचं व्याज 4 वर येतं. आमच्या भागात बहुतेकांची मुदत 31 मार्चची. हातात पैसा नसतो, मग माणूस दोन-चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलतो, बँकेत भरतो, कर्ज नव्याने मंजूर झालं की काढून त्याचे त्याला परत करतो. याला नवं-जुनं म्हणतात. बँकेत ते सगळ्यांना माहीत असतं, कागदावर कुठेच नसतं.

या बाबाने 29 च्या संध्याकाळी अडत्याकडून, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या दलालाकडून, पैसे घेतले होते. 1 एप्रिलपर्यंत परत केले तर शेकडा एक, पुढे गेलं की शेकडा तीन. आणि बँक उघडणार 4 तारखेला.

मी आत जाऊन त्याची फाइल शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. माझ्याच टेबलावर, डाव्या गठ्ठ्यात, वरून सातवी. सातबारा, आठ अ, सगळं जोडलेलं. वर आमच्या शाखेतल्या कृषी अधिकाऱ्याची पिवळी चिठ्ठी: “फक्त आपली सही.” तारीख 25 मार्च.

30 आणि 31 ला मी काय करत होते? वरच्या ऑफिसला दर तासाला वसुलीचे आकडे कळवत होते. एटीएमवाल्याशी भांडत होते. चहाचं बिल तपासत होते, हेही खरं.

सही केली, लिमिट, म्हणजे मंजूर कर्जाची रक्कम, सिस्टीमला चढवलं. पण रोख देता येईना. रुपे कार्ड त्याच्या घरी होतं, त्याचा पिन त्याने कधी काढलाच नव्हता. मग त्याच्याच मोबाइलवरून मी अडत्याशी बोलले. म्हटलं, चूक बँकेची आहे, चार दिवस धरू नका. पलीकडून हसल्याचा आवाज आला. “मॅडम, तुमची बँक कधी दंडव्याज सोडते का?”

दोन टक्क्यांचा फरक, 2,800 रुपये. गडी काही बोलला नाही. टोपी झटकली आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी मी कृषी अधिकाऱ्याला विचारलं, आठवडाभर फाइल पडून होती, आठवण का केली नाही? सत्तावीस वर्षांचा पोरगा, एरवी माझ्यासमोर तोंड न उघडणारा. म्हणाला, “मॅडम, सोळा फाइली होत्या. कुठली कुठली आठवण करू?” आमच्याकडे ठरावीक रकमेपर्यंतच्या नूतनीकरणाचे अधिकार त्याला देता येत होते. दोन वर्षांपूर्वी एका प्रकरणात हात पोळले तेव्हापासून मी ते स्वतःकडे ठेवले होते. “दिले असते तरी तुम्ही परत तपासलंच असतं ना,” तो हळूच म्हणाला. यावर मला उत्तर नव्हतं.

हेड कॅशियर रिटायरमेंटला आलेले. नोटा बांधता बांधता म्हणाले, “स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक माझी. कोट्यवधीचा माल माझ्या भरवशावर ठेवता, आणि चहाचं बिल नाही?”

मग जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली आणि माझ्यापाशी अडणारी कामं लिहायला बसलो. मी सांगत होते, बाकीचे भर घालत होते, जरा जास्तच उत्साहाने. एकतीस निघाली. माझ्याशिवाय खरोखर होणार नाहीत अशी नऊ. नूतनीकरण त्या पोराकडे, आकडे कळवणं अकाउंटंटकडे, चहा शिपायाकडे. सकाळी दहा ते साडेअकरा मी फक्त कर्जाच्या फाइली बघणार, तोवर फोन कॅशियरच्या टेबलावर.

पाडव्याला मी आठ वाजेपर्यंत झोपले. त्याआधी कित्येक महिने पहाटे तीनला जाग येऊन छताकडे बघत पडायचे. गुढी उशिरा उभारली म्हणून सासूबाई दिवसभर बोलत होत्या.

4 तारखेला तो शेतकरी पहिल्या नंबरला उभा होता. पैसे दोनदा मोजले, पिशवीत घातले आणि केबिनच्या दारातून डोकावला.

“पुढल्या साली कुणाकडं यायचं मॅडम, तुमच्याकडंच का?”

मी कृषी अधिकाऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवलं. खुर्ची रिकामी होती. साहेब चहाला गेले होते.