वीज-गॅसची कंपनी बुडाली, माझे पैसे मधेच लटकले: माझा अनुभव

ब्रिटनमध्ये घरच्या वीज-गॅसची कंपनी बुडाली की सगळे एकच सांगतात, "काही करू नका, आपोआप होतं सगळं." यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितेय, कारण माझे तीनशेहून जास्त पौंड त्या 'आपोआप'मध्ये अडकले होते आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

2021 चा सप्टेंबर. युरोपभर गॅसचे घाऊक भाव भडकले होते. इथल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांनी पुढच्या हिवाळ्याचा गॅस आधी घेऊनच ठेवला नव्हता. बाजारात महाग घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला मात्र सरकारमान्य कमाल दराच्या आतच विकायचा, हे किती दिवस चालणार? एकामागून एक अशा पंचवीसहून जास्त कंपन्या काही महिन्यांत बंद पडल्या. त्यात आमचीही. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. ही बातमी मला कंपनीकडून नाही, मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून कळली. ईमेल नंतर आला.

आईला साताऱ्याला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, मग लाईट आहे ना?" तिच्या डोक्यात महावितरण. तारा, खांब, मीटर, बिल सगळं एकाच घरचं. इथे तसं नाही. तारा आणि गॅसचे पाइप वेगळ्या कंपन्यांचे असतात. आपल्याला बिल पाठवणारी कंपनी फक्त घाऊक घेते आणि किरकोळ विकते. ती बुडाली तरी शेगडी पेटते, हीटर चालतो. ऑफजेम हा नियामक काही दिवसांत दुसरी कंपनी नेमतो आणि बुडालेल्या कंपनीचे सगळे ग्राहक तिच्याकडे जातात. आपल्याला काही निवडायचं नसतं.

(बल्बसारखी मोठी कंपनी गेली तेव्हा मात्र एवढे ग्राहक एकदम घ्यायला कुणी पुढे येईना. नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारने तिथे विशेष प्रशासक बसवला आणि ग्राहक जिथल्या तिथे राहिले. आमची कंपनी एवढी भाग्यवान नव्हती.)

बातमी कळल्याबरोबर मी त्रिकोणी किल्ली घेऊन बाहेरच्या भिंतीवरची मीटरपेटी उघडली आणि दोन्ही मीटरचे फोटो काढले, आकड्यांसकट आणि मीटरच्या नंबरासकट. मग लॅपटॉप उघडून जुन्या पोर्टलवरची सगळी बिलं, टॅरिफचं पत्र आणि खात्यातली शिल्लक दाखवणारं पान उतरवून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, आत्ता रात्री कशाला?" काही दिवसांनी ते पोर्टल बंद झालं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

नव्या कंपनीचं स्वागतपत्र वेळेत आलं. जुनं स्वस्त फिक्स्ड टॅरिफ (ठरावीक मुदतीसाठी पक्का केलेला दर) संपलं आणि आम्ही कमाल दराच्या टॅरिफवर गेलो. त्याला इलाज नव्हता. पत्रात एक वाक्य होतं: तुमचं क्रेडिट सुरक्षित आहे, जुन्या कंपनीचं फायनल बिल झालं की तुमच्या खात्यात दिसेल.

आणि इथे गाडी रुतली.

आधी हे क्रेडिट येतं कुठून ते सांगते. इथे डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँकेतून आपोआप, दर महिन्याला सारखीच रक्कम जाते. उन्हाळ्यात हीटर बंद असतो, त्यामुळे पैसे साठत जातात आणि हिवाळ्यात ते वापरले जातात. म्हणजे सप्टेंबरात साठा सर्वांत जास्त, आणि कंपन्या बुडाल्या नेमक्या तेव्हा. भिशीचे सगळे हप्ते भरून झाल्यावर भिशी चालवणारी बाई गाव सोडून गेली, तसं ते.

फायनल बिल करायचं होतं जुन्या कंपनीच्या दिवाळखोरी प्रशासकांनी. मी नव्या कंपनीला विचारलं तर उत्तर, "आमच्याकडे अजून त्यांचा डेटा आलेला नाही." प्रशासकांच्या वेबसाइटवर लिहिलेलं, "क्रेडिटबद्दल कृपया आपल्या नव्या कंपनीशी बोला." नव्या कंपनीच्या चॅटवर हे वाक्य चिकटवलं तर तिथला मुलगा म्हणाला, मग थांबा. किती थांबू? ते त्याला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी दुसरी मुलगी, तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं. होल्डवरचं संगीत आमच्या मुलीला पाठ झालं, ती ते जेवताना गुणगुणायला लागली.

मधल्या काळात नव्या कंपनीने डायरेक्ट डेबिट मात्र तत्परतेने सुरू केलं, तेही भरमसाट वाढवून. आमचा जुना वापर त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांनी अंदाज केला. म्हणजे माझे साठलेले पैसे 'डेटा आला नाही' म्हणून मिळायचे नाहीत आणि 'डेटा आला नाही' म्हणूनच मी जास्त भरायचे. हे मी फोनवर शांतपणे सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तितकं शांतपणे नाही. जुन्या बिलांतला वर्षाचा वापर पाठवल्यावर हप्ता कमी झाला, तेव्हा बिलं उतरवून ठेवण्याचं हे दुसरं कारण.

नाताळ गेला, संक्रांत गेली. मग एकदाचं फायनल बिल आलं. त्यातलं गॅसचं रीडिंग माझं नव्हतंच! अंदाजाने घातलेलं, माझ्या फोटोपेक्षा चाळीसेक घनमीटरने कमी. एक घनमीटर म्हणजे साधारण 11 किलोवॅट-तास, म्हणजे साडेचारशेच्या आसपास युनिट जुन्या स्वस्त दरात धरलेच नाहीत. नव्या कंपनीने त्याच आकड्यापासून मोजायला सुरुवात केलेली, त्यामुळे तेच युनिट नव्या दराने माझ्या माथी. पैशांत फरक मोठा नव्हता, हे कबूल. पण इतके महिने 'डेटा, डेटा' करून शेवटी अंदाजच करायचा होता, तर मग थांबवलं तरी कशाला?

"सुरुवातीचं रीडिंग सिस्टीममधून आलंय, बदलता येत नाही," असं मला सांगण्यात आलं. तेव्हा मी फोन बंद केला आणि लिहायला बसले. ईमेलच्या विषयातच 'ही औपचारिक तक्रार आहे' असं लिहिलं. खाली तारखांसकट घटनाक्रम, दोन फोटो, जुन्या पोर्टलवरच्या शिल्लकीचं पान आणि मला नक्की काय हवं ते दोन ओळींत: रीडिंग दुरुस्त करा, क्रेडिट खात्यात घाला. चौकशी आणि तक्रार यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. तक्रार नोंदली की तिला नंबर मिळतो आणि घड्याळ सुरू होतं. आठ आठवड्यांत सुटली नाही, किंवा त्याआधीच कंपनीने 'यापुढे आम्ही काही करू शकत नाही' असं लेखी दिलं, तर एनर्जी ऑम्बड्समनकडे फुकट जाता येतं. त्यांचा निर्णय आपण मान्य केला की कंपनीला पाळावाच लागतो. नागरिकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी हे मला नीट समजावलं. देव त्यांचं भलं करो.

तिथवर जायची वेळ आली नाही. आठ आठवडे भरत आले तसा एका वेगळ्याच विभागातून फोन आला, अतिशय गोड आवाजात. 'बदलता येत नाही' ते रीडिंग बदललं आणि क्रेडिटही दिसायला लागलं. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

आठवेल तसं आणखी थोडं. ऑफजेम नव्या कंपनीकडे जाण्याची तारीख जाहीर करतं, त्या दिवशी पुन्हा एकदा रीडिंगचा फोटो काढा. नव्या कंपनीकडे खातं उघडेपर्यंत जुनं डायरेक्ट डेबिट बँकेतून रद्द करू नका आणि मधल्या काळात स्वतःहून तिसऱ्या कंपनीकडे उडी मारू नका. तुमच्याकडूनच जुन्या कंपनीचं येणं असेल तर ते माफ होत नाही, ते मागायला प्रशासक बरोबर येतात. या गोंधळात 'मी तुमच्या नव्या कंपनीतून बोलतोय, बँकेचे डिटेल्स द्या' असेही फोन येतात, ते ठेवून द्यायचे. प्रीपेमेंट मीटरवाल्यांनी जुनी किल्ली किंवा कार्ड चालतंय तोवर वापरावं, नवं आलं की बदलावं. जुन्या पिढीचा स्मार्ट मीटर कंपनी बदलल्यावर मुका होऊ शकतो, मग रीडिंग हाताने पाठवायचं. आणि पहिल्या बिलावर तुमचा गॅस मीटर घनमीटरचा धरलाय की घनफुटाचा हे बघाच. घनमीटरचा मीटर चुकून घनफुटाचा धरला तर बिल जवळपास तिप्पट येतं.

क्रेडिट खात्यात दिसलं म्हणजे हातात आलं असं नाही. मी रिफंड वेगळा मागितला, तेव्हा बँकेत जमा झाला. एप्रिल 2022 मध्ये कमाल दर वाढला आणि वर्षाचं सरासरी बिल 1,277 वरून 1,971 पौंडांवर गेलं. त्यातले सुमारे 68 पौंड बुडालेल्या कंपन्यांचा खर्च भरून काढायला होते, ते स्टँडिंग चार्जमध्ये, म्हणजे वापर कितीही असला तरी रोज लागणाऱ्या ठरावीक आकारात, घातलेले. ते आम्हालाही भरावे लागले.