पावसाळा वगळून

'प्रकल्पाच्या जागेवर चराई होत नाही.' आमच्या अहवालातली ही ओळ मीच तपासून पुढे पाठवली होती. ऑगस्टमधल्या त्या सकाळी बारामती-दौंड सीमेवरच्या माळावर गाडीतून उतरले तर समोर मेंढरंच मेंढरं. चारशे तरी असतील. चुकीच्या गटावर आलो की काय म्हणून मी जीपीएस काढला. गट बरोबर होता.

मी पुण्यात पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार क्षेत्र 50 हेक्टर किंवा बांधकाम दीड लाख चौरस मीटर भरलं, की टाउनशिपला पर्यावरण आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाने परिसरावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, करावं लागतं. ही टाउनशिप 60 हेक्टरची होती. आम्ही मार्च ते मे तिथे हवा, आवाज, माती, पाणी, झाडं, प्राणी असं सगळं मोजलं. हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यायची आणि तो ऋतू पावसाळ्याचा नसावा, असा नियमच आहे. हवेपुरता तो शहाणपणाचा आहे. पावसात धूळ बसते, आकडे उगाच चांगले येतात, म्हणून सर्वांत वाईट काळ मोजायचा. पण माळरानाला तोच नियम लावला की सगळं उलटं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. नोकरीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

एप्रिलमध्ये मी पाहिलेला माळ म्हणजे उघडा मुरूम, वाळकी कुसळं, चार बाभळी आणि कोरडा ओढा. उपग्रहाच्या नकाशात रंग 'पडीक, झुडपी जमीन' असा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत अशी झुडपी रानं याच खात्यात पडतात, आणि 'पडीक' शब्द एकदा लागला की पुढचं सगळं सोपं होतं. आता त्याच जागी पोटरीपर्यंत गवत होतं. पवना, मारवेल, कुसळी. पावलापावलाला चंडोल उठत होते. माळटिटवीची एक जोडी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत इतकी ओरडत होती, की जवळपास पिल्लं असणार हे उघड होतं. आमच्या पक्ष्यांच्या यादीत कावळा, साळुंकी, होला, कोतवाल असे कुठेही बारा महिने दिसणारे पक्षीच होते.

मेंढरांमागे एक म्हातारे मेंढपाळ होते. माझ्या हातातला नकाशा पाहून त्यांनी आधी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "मामा, उन्हाळ्यात आम्ही आलो होतो, तुमच्यातलं कुणीच भेटलं नाही."

"उन्हाळ्यात हितं काय खायाचं मेंढरांनी? दिवाळी झाली की आमी घाट उतरतो. महाडच्या अंगाला. तितं शेतात मेंढरं बसवायची, धान्य घ्यायचं. मिरगाच्या आगंमागं परत."

एवढ्या साध्या गोष्टीने माझी ती ओळ मोडली. या पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातला चिखल आणि मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळा देशावर आणि कोरडा काळ कोकणात हे त्यांचं चक्र. आमच्या सर्वेक्षणाचे तीन महिने नेमके त्यांच्या गैरहजेरीचे. गावात आम्ही साठ घरांत प्रश्नावली भरून घेतली होती. ज्यांची घरं त्या वेळी घोड्यांच्या पाठीवर होती, त्यांच्यापर्यंत प्रश्नावली पोचणार कशी? आणि टाउनशिपला जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे तिथेही त्यांचा आवाज आला नसता.

मी खरं तर ओढ्यासाठी आले होते. आराखड्यात तो सहा मीटर रुंदीचा 'नाला' होता आणि काठापासून थोडं अंतर सोडून दोन इमारती. मामांनी मला वळणावर नेलं. तिथल्या बाभळीच्या फांद्यांत माझ्या खांद्याच्या उंचीवर गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. "जुलैत आलं हुतं. रातच्याला. ह्या दरडीपासनं त्या दरडीपतूर." मी टेप लावला. बत्तीस मीटर. कोरड्या मुलखात पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा दोन-तीन तासांत पडतो, आणि मुरमाखालचा काळा पाषाण ते पाणी पटकन पोटात घेत नाही. त्यावर काँक्रीट ओतलं की वाहणारं पाणी आणखी वाढतं. एप्रिलच्या कोरड्या पात्रावरून आम्ही याचा अंदाज बांधला होता.

दरडीत वरच्या बाजूला एक बीळ होतं. आत ताजं काही नव्हतं. "लांडगीन वेती हितं, थंडीत," मामा म्हणाले. कोकरू नेतो का, विचारलं. "नेतो की. त्याचाबी वाटा हाय." लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. तो परिसरात असेल तर वेगळा संवर्धन आराखडा द्यावा लागतो. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावरच्या चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं. लांडग्याला एवढ्यात भागत नाही. तो अशाच सात-बाऱ्यांवरच्या माळांवर जगतो.

परत येताना गाडीत मी पाण्याचा हिशोब पुन्हा मांडला. दोन हजार सदनिका, दहा हजार माणसं. माणशी 135 लिटर धरले तर रोज साडेतेरा लाख लिटर. संडासाला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं तरी नऊ लाख लिटर ताजं पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे नव्वद टँकर, रोज. 'पावसाच्या पाण्याचं संकलन करू' हे वाक्य अहवालात ठळक होतं. छपरांचं क्षेत्र चाळीस हजार चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पावसातला ऐंशी टक्के साठवला तर एक कोटी साठ लाख लिटर. नऊ लाखांनी भागलं. अठरा दिवसही भरत नाहीत. उरलेले साडेतीनशे दिवस बोअर किंवा टँकर, आणि शेजारच्या गावाच्या विहिरी त्याच खडकाच्या भेगांतून पाणी घेतात. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रकरणांत होते, एकमेकांसमोर कुणी ठेवले नव्हते. मीही नाही.

त्या रात्री मी वरिष्ठांना लिहिलं की पावसाळ्यातलं सर्वेक्षण जोडल्याशिवाय अहवालावर माझं नाव नको. दोन आठवडे फार ताणाचे गेले. विकासकाकडून रोज फोन. 'नियमात नसताना कशाला?' या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचं उत्तर नव्हतं, टेपने मोजलेले बत्तीस मीटर होते. शेवटी सप्टेंबरचं सर्वेक्षण परिशिष्ट म्हणून गेलं. छपरांचे अठरा दिवस आणि रोजचे नव्वद टँकर मी एकाच पानावर छापले. तज्ज्ञ समितीने ओढ्याबद्दल प्रश्न विचारले, दोन्ही इमारती मागे सरकल्या, पूररेषेपर्यंतची पट्टी मोकळी सोडावी लागली. पाण्याचा लेखी स्रोत दाखवल्याशिवाय दुसरा टप्पा नाही, अशी अट पडली. माळ मात्र गेला. त्या पट्टीबाहेरच्या गवतात आता खुणेचे दगड रोवलेत आणि तिन्ही बाजूंनी भिंत उभी राहते आहे. याचं मला अजून वाईट वाटतं.

मामांनी माझा नंबर नातवाच्या मोबाइलमध्ये घालून घेतला होता. पुढच्या जूनमध्ये फोन आला. मागे घंटांचा आणि कुत्र्यांचा आवाज. घाट चढून वर आले होते.

"ताई, वाट हाय का अजून?"

मी त्यांना पुलाखालून, ओढ्याच्या डाव्या काठाने या म्हणून सांगितलं.

"किती रुंद हाय?"

"बत्तीस मीटर," मी म्हटलं. "पाणी आलं तर थांबा."