मेणबत्ती आणि बाटली

शुक्रवार, रात्री साडेअकरा

‘फिडलर ऑन द रूफ’ हा ज्यू कुटुंबावरचा सिनेमा अख्खा लावला की तीन तास जातात. आज दोनच तुकडे पाहिले, शब्बाथची (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून लागणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) प्रार्थना आणि टेविएच्या मुलीचं, त्सायटलचं लग्न.

शुक्रवारची संध्याकाळ. टेविए दूधवाल्याचा घोडा लंगडतोय, म्हणून गाडा तो स्वतःच ओढत घरी आलाय. घाई असते ती सूर्यास्ताची. शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही. मेणबत्त्या त्याआधीच लागायला हव्यात, बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी. मेणबत्त्या निदान दोन. एरवी आशीर्वाद आधी म्हणायचा आणि मग कृती. इथे तसं केलं तर पंचाईत, कारण आशीर्वाद म्हटला की शब्बाथ लागला, मग काडी ओढणार कशी? म्हणून बाई आधी वाती पेटवते, ज्योतींवरून हात फिरवून डोळे झाकते आणि मग म्हणते. डोळे उघडेपर्यंत तो उजेड जणू दिसलेलाच नाही. टेविएच्या बायकोचे, गोल्डेचे झाकलेले डोळे भक्तीचे खरेच, पण त्यात ही पळवाटही आहे. (आपल्याकडच्या ज्यूंचा, बेने इस्राएलींचा तेलाचा घाणा याच नियमाने शनिवारी बंद असायचा, म्हणून कोकणात ते ‘शनवार तेली’.)

आता लग्न. मांडवाखाली काच फुटते, जेवणं होतात, आणि काळ्या टोप्यांवर बाटल्या ठेवून पुरुष ओळीने पुढे येतात. हात एकमेकांत, पावलं संथ. मग गुडघ्यावर बसून एक पाय पुढे, तो ओढून घेतला की दुसरा. धोका उठता-बसताना. मान जरा झुकली किंवा कंबरेला हिसका बसला की बाटली गेलीच, म्हणून नजर समोर आणि सगळं काम मांड्यांचं. टोपीचा माथा ताठ नि सपाट हवा. बाटलीच्या तळाशी थोडं पाणी असलं तर भार खाली राहतो. काठोकाठ भरलेली उगाच जड. रंगमंचावर बाटली चिकटवणं ही लबाडीच. पडली तर नाचणाऱ्याने ओळ सोडावी, असा रिवाज पाळतात.

पाहणाऱ्याला वाटतं, शेकडो वर्षांचा नाच. पण हा नाच बसवला नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सने, याच गोष्टीच्या 1964 च्या ब्रॉडवे (न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या) प्रयोगासाठी. हसिदी (कर्मठ ज्यू पंथाच्या) लग्नांत हिंडताना त्याला डोक्यावर बाटली घेऊन गंमत करणारा एकजण दिसला होता. त्याची त्याने शिस्तीत ओळ केली. 1971 मध्ये नॉर्मन ज्युइसनच्या सिनेमातून तो जगभर गेला, आणि आता खऱ्या ज्यू लग्नांत पैसे देऊन बाटलीवाले बोलावतात. ‘ट्रॅडिशन’ हे ज्याचं पहिलंच गाणं, त्या सिनेमाने स्वतः एक प्रथा पाडली! मला यात फसवणूक वाटत नाही. आधी कुणीतरी एकाने केलेलं असतंच.

जुनी गोष्ट नाचाच्या शेजारीच आहे, बायका-पुरुषांच्या मधली दोरी. बाटल्या सुखरूप उतरतात. दोरी मात्र पर्चिक हा तरुण विद्यार्थी ओलांडतो, टेविएच्या दुसऱ्या मुलीला, होडेलला नाचायला बोलावतो. रब्बीला (धर्मगुरूला) विचारलं तर नाच अगदीच निषिद्ध आहे असं त्यालाही म्हणवत नाही. मग टेविए गोल्डेला ओढतो, आणि नवरदेव मोटल त्सायटलला.

तेवढ्यात रशियन घोडेस्वार येतात. मोडतोड करून ते गेल्यावर टेविए घरच्यांना सांगतो, आवरा सगळं. इथे मध्यंतर.