रात्री साडेअकराला साहेब ट्विट करतात

मी पुण्यात एका पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत दोन-अडीच वर्षं कस्टमर सपोर्टला होते. कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका, तिथे अजून माझ्या मैत्रिणी आहेत. आमचे साहेब, म्हणजे फाउंडर, माणूस हुशार, बोलायला एकदम भारी, आणि ट्विटरवर कायम हजर. कोणी चांगलं लिहिलं की साहेब स्वतः थँक्यू म्हणायचे, लोकांना फार कौतुक वाटायचं, एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक आपल्याशी बोलतो वगैरे. आणि कोणी वाईट लिहिलं की साहेब स्वतःच भिडायचे. तेही बहुतेक वेळा रात्री अकरा-साडेअकराला, म्हणजे जेव्हा थांबवायला कोणी जागं नसतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॉगिन केलं की टीएल, म्हणजे टीम लीडर, आधी सांगायचा, आज साहेबांनी ट्विट केलंय, सांभाळून बोला. बस्स, दिवस गेला कामातून. कारण त्या दिवशी ज्याची ज्याची तक्रार पेंडिंग असायची तो प्रत्येक जण फोन करायचा, आणि गंमत म्हणजे साहेबांनी ज्याला झाडलं तो कधीच फोन करायचा नाही. त्याला काय, त्याला लाइक मिळालेले असायचे.

हे सगळं आठवलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, ओला इलेक्ट्रिकचा फाउंडर भाविश अग्रवाल आणि कॉमेडियन कुणाल कामराचं जे भांडण झालं तेव्हा. तुम्हाला आठवत असेलच, पण थोडक्यात सांगते. ६ ऑक्टोबर, रविवार. कामराने एक्सवर एक फोटो टाकला, ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटर ओळीने उभ्या, धूळ खात. आणि विचारलं की भारतातल्या ग्राहकाला काही आवाज आहे का, रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची दुचाकी म्हणजे त्याचं पोट असतं. गडकरींनाही टॅग केलं. आता ह्यावर कंपनीच्या मालकाने काय म्हणायचं? हजार गोष्टी म्हणता येतात. भाविश म्हणाला की एवढी काळजी आहे तर ये मदतीला, ह्या पेड ट्विटचे किंवा तुझ्या फसलेल्या कॉमेडी करिअरमधून मिळाले असतील त्यापेक्षा जास्त पैसे देतो, नाहीतर गप्प बस आणि आम्हाला खऱ्या ग्राहकांचे प्रॉब्लेम सोडवू दे. त्याच उत्तरात शेवटी हेही होतं की सर्व्हिस नेटवर्क वाढवतोय, बॅकलॉग लवकर संपेल. पण ते शेवटचं वाक्य कोणी वाचलं? मलासुद्धा नंतर शोधून वाचावं लागलं.

कामरा काही ऐकणाऱ्यातला नाही, तो म्हणाला गेल्या चार महिन्यांत ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांचे पैसे परत दे. मग पुढे भाविशचं चोट लगी, दर्द हुआ, आजा सर्व्हिस सेंटर, असं सगळं शाळेच्या मैदानावर चालतं तसं चाललं. सोमवारी बाजार उघडला आणि शेअर आठ टक्क्यांच्या आसपास पडला. आणि त्याच सोमवारी, ७ ऑक्टोबरला, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारणे दाखवा नोटीस पाठवली. नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. आता नोटीस काही त्या ट्विटमुळे निघाली नसणार, एका रात्रीत दहा हजार तक्रारी कोणी मोजत नाही, कागद आधीपासून तयार होत असणार. पण बघणाऱ्याला कसं दिसलं? रविवारी साहेब म्हणाले गप्प बस, सोमवारी सरकार म्हणालं बोला.

आता मला कामराचं काही कौतुक सांगायचं नाहीये, त्याचे विनोद मला निम्मेच आवडतात. माझा मुद्दा तो फोटो आहे. त्या फोटोत ज्या गाड्या उभ्या होत्या त्यातली प्रत्येक गाडी कोणाची तरी होती ना. म्हणजे कोणीतरी डिलिव्हरीवाला, कोणीतरी शिक्षिका, कोणीतरी ईएमआय भरतोय आणि रिक्षानेही जातोय. तो माणूस मोबाइलवर हे भांडण वाचतोय आणि त्याला काय दिसतंय, तर माझी गाडी अडकलीय हे ज्याने सांगितलं त्याला मालकाने फ्लॉप म्हटलं. झाडलं कामराला, पण लागलं ह्याला. मग हा उठतो आणि सपोर्टला फोन लावतो. आणि तिकडे माझ्यासारखी एखादी बसलेली असते, वीस-बावीस हजार पगारावर, तिला हे सगळं निस्तरायचं असतं आणि तिच्या स्क्रीनवर फक्त एवढंच दिसतं, स्पेअर अवेटेड, म्हणजे पार्ट अजून यायचाय.

एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी, ओलाचं हे असं का झालं. आपल्याकडे गाडी म्हणजे डीलर. बजाज घ्या, होंडा घ्या, टीव्हीएस घ्या, गावात एक शोरूम असतं, त्याचा मालक बहुतेक वेळा गावातलाच, कोणाचा तरी चुलतभाऊ. गाडी बिघडली की माणूस आधी त्याच्याशी भांडतो, तो चहा पाजतो, मेकॅनिकला आपल्यासमोर चार शिव्या देतो, दोन दिवस मागतो. अर्धी आग तिथेच विझते, पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या हेड ऑफिसला पत्तासुद्धा लागत नाही. ओलाने हा मधला माणूसच काढून टाकला. २०२१ च्या जुलैमध्ये ४९९ रुपयांत ऑनलाइन बुकिंग उघडलं, चोवीस तासांत एक लाख बुकिंग, सगळा देश थक्क. विक्री थेट, सेंटर कंपनीची, सर्व्हिस कंपनीची. विकायला एकदम झकास, खर्च कमी. पण मग भांडायचं कोणाशी? शोरूममध्ये बसलेला पोरगा पगारी, त्याला काही अधिकार नाही, मग उरतो कोण, तर ज्याचा चेहरा प्रत्येक लाँचला दिसतो तो. जाहिरातही तोच, मालकही तोच, म्हणजे तक्रारखिडकीही तोच झाला. हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, कोणी लादलं नव्हतं.

आणि चेहरा तर त्याने भरपूर वापरला. मे २०२४ मध्ये लिंक्डइनशी सर्वनामांवरून भांडला, म्हणजे इंग्रजीत एका माणसाला ‘ते’ म्हणण्यावरून, आणि लिंक्डइन मायक्रोसॉफ्टचं म्हणून मायक्रोसॉफ्टचं क्लाउडच सोडतो म्हणाला. जुलैत गूगल मॅप्स सोडले. ऑगस्टमध्ये ७६ रुपयांनी आयपीओ आला, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात आला, आणि काही दिवसांत शेअर दीडशेच्या वर गेला. मोठ्या कंपन्यांशी भांडणारा देशी फाउंडर, लोकांना आवडतंच ते, मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण गूगलशी भांडताना जी भाषा शोभते ती गाडी बंद पडलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणाऱ्याशी शोभत नाही. गूगल मोठं आहे, तुम्ही लहान आहात, म्हणून टाळ्या. इथे तुम्ही मोठे होता.

परळीचा तो किस्सा आठवतो का? एप्रिल २०२२. आपल्या बीड जिल्ह्यातल्या परळीत एका माणसाने नवीकोरी ओला गाढवाला बांधली आणि गावातून धिंड काढली, वर बोर्ड लावून की ह्या कंपनीवर विश्वास ठेवू नका. नवी गाडी थोड्या दिवसांत बंद पडली होती आणि दाद लागत नव्हती. सगळ्यांनी हसून व्हिडिओ फॉरवर्ड केला, मीपण केला. पण मला तेव्हाही वाटलं होतं, ह्या माणसाने हा उद्योग करायच्या आधी किती फोन केले असतील. गाढव काही पहिल्या दिवशी कोणी शोधत नाही हो. आधी फोन, मग मेल, मग ट्विट, मग गाढव. आमच्याकडे एस्केलेशन मॅट्रिक्स होतं, म्हणजे तक्रार सुटली नाही तर पुढे वर कोणाकडे जाणार त्याचा तक्ता, लेव्हल एक, लेव्हल दोन, असं. गाढव म्हणजे लेव्हल पाच म्हणायची.

त्याच्या थोडं आधी, मार्चमध्ये पुण्यात लोहगावला एक ओला पेटली होती, त्यानंतर कंपनीने १,४४१ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. हे चांगलंच केलं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्याच एप्रिलमध्ये गुवाहाटीच्या प्रकरणात जे केलं ते मला आजही खटकतं. एका वडिलांनी लिहिलं की गाडीच्या बिघाडामुळे माझ्या मुलाचा अपघात झाला. कंपनीने उत्तर म्हणून काय केलं, तर त्या मुलाच्या गाडीचा डेटा सगळ्या जगासमोर टाकला, किती वाजता किती स्पीड होता, आलेखासकट. कदाचित पोरगा खरंच जोरात चालवत असेल. पण भाऊ, मी उद्या तक्रार केली तर माझी गाडी कधी कुठे किती वेगात होती हे तुम्ही चव्हाट्यावर टाकणार? वाद जिंकला असेल त्या दिवशी, पण गाडी असलेल्या प्रत्येकाला कळलं की आपली गाडी आपल्याच विरुद्ध साक्ष देऊ शकते.

असो. फक्त आपल्याकडेच असं होतं असं नाही. स्टीव्ह जॉब्ससारखा माणूससुद्धा ह्यात सापडला. २०१० च्या जूनमध्ये आयफोन ४ आला, आणि लोक म्हणायला लागले की खालचा डावा कोपरा हाताने झाकला की रेंज जाते, कारण अँटेना बाहेरच्या स्टीलच्या पट्टीतच होता. एकाने जॉब्सला मेल केला, जॉब्स स्वतः ईमेलला उत्तरं द्यायचा हे प्रसिद्धच होतं, त्याने एका ओळीत लिहिलं की तसा धरू नको. म्हणजे फोन आमचा बरोबर, हात तुमचा चूक. ह्याचे जोक अजून संपलेले नाहीत. पुढे कंपनीने सांगितलं की रेंजच्या काड्या दाखवायचं आमचं गणितच चुकीचं होतं, मग कन्झ्युमर रिपोर्ट्स ह्या तिकडच्या संस्थेने फोन घ्या असं म्हणायला नकार दिला, आणि १६ जुलैला जॉब्सला सुट्टीवरून येऊन पत्रकार परिषद घ्यावी लागली. तिथे म्हणाला, आम्ही परफेक्ट नाही, फोन परफेक्ट नसतात. आणि लगेच पुढे दुसऱ्या कंपन्यांचे फोनही हातात धरल्यावर कशी रेंज सोडतात त्याचे व्हिडिओ दाखवले, हाडाचा हट्टी माणूस. पण शेवटी सगळ्यांना फुकट कव्हर दिलं, आणि नको असेल तर फोन परत करा, पूर्ण पैसे घ्या. मला वाटतं लोक त्या कव्हरमुळे शांत झाले, भाषणामुळे नाही.

ह्याच्या उलटं उदाहरण म्हणजे झोमॅटोचा फाउंडर दीपिंदर गोयल. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी लोकांसाठी वेगळे डिलिव्हरीवाले काढले, हिरवे कपडे, हिरवा डबा. लोकांनी झोडपलं, की उद्या सोसायट्या लाल टीशर्टवाल्यांना गेटवरच अडवतील, भाड्याने राहणाऱ्यांना घरमालक त्रास देतील. तोही काही कमी बोलका नाही, आदल्या दिवशी बाजू मांडतच होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला की सगळे लालच घालतील, आणि घरमालकाचा मुद्दा आमच्या डोक्यात आला नव्हता ते बरं झालं सांगितलंत. संपलं. चोवीस तासांत विषय मागे पडला. अर्थात कपड्यांचा रंग बदलणं सोपं असतं, हजारो स्कूटरचे पार्ट आणणं नाही, हे मला मान्य आहे.

आणि न बोलणाऱ्यांचं काय होतं तेही आपण महाराष्ट्रात बघितलंय. २००३, ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, एफडीएने, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, नमुने घेतले. मी तेव्हा शाळेत होते, आईने त्या दिवाळीला मामाकडून आलेला चॉकलेटचा डबा उघडूच दिला नाही, तो दुःखद प्रसंग मी विसरलेले नाही. कॅडबरीचं पहिलं उत्तर होतं की दुकानदार नीट साठवत नाहीत. आता हे खरंही असेल, पण गिऱ्हाइकाला ऐकून काय वाटतं, की अळी माझ्या तोंडात आणि दोष वाण्याचा. तिथेही कोणी मालक येऊन भांडला नाही, कोणाला फ्लॉप म्हटलं नाही. दुकानदारांना शिकवायची मोहीम काढली, पुढच्या जानेवारीत वेष्टन बदललं, आत अॅल्युमिनियमचा कागद आणि पक्कं सील, आणि मग अमिताभ बच्चन. बच्चन नंतर आले हं, सील आधी. ओलाच्या बाबतीत बच्चनही भाविशच आणि सीलही त्यानेच लावायचं, आणि तो रविवारी एक्सवर बसलेला.

भांडणानंतरच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे २०२४ च्या, सरकारी नोंदणीच्या आकड्यांत बजाजची चेतक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये पहिल्या नंबरवर आली, ओला खाली गेली. ट्विटमुळे गेली असं मी म्हणणार नाही. सर्व्हिसमुळे गेली. पण सर्व्हिस वाईट आहे हे ज्याला माहीत नव्हतं त्यालाही त्या रविवारी कळलं, तेही फुकटात.

आमच्या साहेबांकडे परत येते. एकदा त्यांनी असंच एका यूट्यूबवाल्याला झाडलं होतं, त्याने आमच्या फिल्टरचा पंप सहा महिन्यांत जातो असा व्हिडिओ केला होता, साहेब म्हणाले ह्याला पाण्यातलं काही कळत नाही. पंप खरंच जात होता. त्या बॅचचा अॅडॉप्टर खराब होता, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, सर्व्हिसवाल्यांनी तीन वेळा मेल केला होता वर. साहेबांपर्यंत तो मेल पोचलाच नव्हता, कारण मधल्या लोकांना माहीत होतं की साहेबांना वाईट बातमी दिली की साहेब काय करतात ते. ते तर सगळं जग बघत होतं ना ट्विटरवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पहिला कॉल सांगलीच्या एका काकांचा होता. त्यांनी ट्विट बघितलं नव्हतं, त्यांच्या मुलाने वाचून दाखवलं होतं. चिडलेले अजिबात नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, ताई, मला पाण्यातलं काही कळत नाही हे खरंच आहे, पण पंप बंद आहे एवढं कळतं, माणूस कधी येणार? मी स्क्रीनवर बघितलं. स्पेअर अवेटेड. मी म्हटलं काका, दोन दिवसांत. ते म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला. अकराव्या दिवशी गेला माणूस.