तुम्ही विचारलंत म्हणून: बिअर करायला वेळ कुठून आणता?

इथे मेलबर्नमध्ये आमच्याकडे कुणी आलं आणि गॅरेजमधला फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) दिसला की हाच प्रश्न येतो, नोकरी आणि पोरं सांभाळून हे जमतं कसं, यात अख्खा शनिवार जातो ना? जुन्या पद्धतीने केलं तर जातोच, पाच-सहा तास सहज. पण त्यातला बराचसा वेळ बिअरला लागतच नाही, आपण तो सवयीने देतो असं माझं पक्कं मत आहे.

मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), तासभर ठेवायचा म्हणतात. आताचं माल्ट इतकं चांगलं असतं की ६६-६७ डिग्रीला बहुतेक स्टार्चची साखर अर्ध्या तासात होते, खात्री हवी तर आयोडीनचा थेंब टाका, काळानिळा नाही झाला म्हणजे झालं. तीन-तीन भांडीही नकोत, एकाच मोठ्या पातेल्यात कापडी पिशवीत माल्ट घालायचं, नंतर चक्का टांगतो तशी पिशवी वर टांगायची आणि ती निथळेपर्यंत खाली गॅस मोठा करून टाकायचा. पेल एल माल्ट असेल तर उकळायलाही अर्धा तास पुरतो, कडवटपणासाठी हॉप्स (बिअरला कडू चव देणारी फुलं) थोडे वाढवा. पिल्सनर माल्टला मात्र मी पूर्ण तास देतो, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहायची भीती असते.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो उकळलेलं वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, गार करण्यात. पातेल्यात धातूच्या नळीची कॉइल बुडवून तिच्यातून नळाचं पाणी सोडत उभं राहायचं, उन्हाळ्यात ते पाणीच कोमट, आणि जे वाया जातं ते दुष्काळ पाहिलेल्या या देशात बघवत नाही. म्हणून इथले लोक नो-चिल करतात (मुद्दाम गार न करता तसंच भरून ठेवतात) आणि मीही तेच करतो, गॅस बंद केला की कढत वर्ट सरळ २० लिटरच्या जाड एचडीपीई क्यूबमध्ये (गरम सोसणारा प्लास्टिकचा कॅनच घ्या, साधा नको), हवा दाबून काढायची, झाकण घट्ट, थोडा वेळ आडवा ठेवायचा म्हणजे झाकणाला आतून गरम लागून जंतू मरतात, आणि पोरांना घेऊन बागेत जायचं. यीस्ट दुसऱ्या दिवशी. क्यूबमध्ये वर्ट बराच वेळ गरम राहतं म्हणून हॉप्सचा कडवटपणा वाढत जातो, त्यामुळे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालायचे हॉप्स मी गॅस बंद केल्यावरच घालतो. पण क्यूब आठवडेच्या आठवडे तसाच ठेवू नका प्लीज, बिनयीस्टच्या वर्टमध्ये बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) धोका असतो, एक-दोन दिवसांत यीस्ट गेलंच पाहिजे.

यीस्ट ड्राय घ्या, स्टार्टर करायची (यीस्ट आधी वेगळं वाढवून घ्यायची) गरज नाही. उन्हाळ्यात नॉर्वेचं व्हॉस क्वाइक नावाचं यीस्ट, ३५ डिग्रीलाही मजेत काम करतं आणि बऱ्याचदा तीन-चार दिवसांत आटपतं.

सॅनिटायझिंगमध्ये मात्र एक मिनिटही वाचवू नका. आणि बाटल्या भरायची घाई तर अजिबात नको, हायड्रोमीटरचं (किती साखर उरली ते दाखवणाऱ्या साधनाचं) रीडिंग दोन-तीन दिवस तेच आलं तरच भरा, साखर उरलेली असली तर बाटली फुटते आणि काच कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकते.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांनी आधी तिथला कायदा बघा, इथे स्वतःपुरती करायला लायसन्स लागत नाही.